प्रकरण नववे : पटाशीचा दात

रविवारी कृत्रिम दातांचा कारखाना बंद असायचा, पण त्या रविवारी भाऊने सगळ्यांना खाली बोलावलं. खाली कारखाना, वर घर. वर बसूनही बोलता आलं असतं. वर चांगल्या खुर्च्या होत्या, चहा हाताशी होता. पण भाऊ म्हणाला, "कामाचं बोलणं कामाच्या जागी." तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली.

ती सगळ्यांच्या आधी खाली आली आणि खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी बसली. सासर सोडून ती परत आली होती तेव्हा वडिलांनी एक शब्दही विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला याच जागी बसवलं आणि मेण कोरायची सुरी हातात दिली. तेव्हापासून या कारखान्यातून बाहेर गेलेला समोरचा प्रत्येक दात आधी तिच्या हातात मेणाचा होऊन गेला होता. रस्त्यात कुणी अनोळखी बाई हसली तर ताई आधी तिचे दात बघायची आणि मग चेहरा.

मंडळी एकेक करून आली. तिघा भावंडांत थोरला दादा. तो जिन्याच्या कठड्याला धरून उतरला आणि प्लास्टरच्या पोत्यांजवळ स्टुलावर टेकला. जबडे ओतायचं काम त्याचं. त्याचा मुलगा सोन्या मशीन आणि भट्टी सांभाळायचा आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा. सोन्याची बायको, म्हणजे घरची सूनबाई, कॉम्प्युटरसमोरच्या तिच्या खुर्चीत हळूच बसली. तिला सहावा महिना होता. काकू, म्हणजे भाऊची बायको, चहाचा ट्रे घेऊन आली. आणि धाकटा भाऊ, डॉक्टरांकडून काम आणणारा, ते वेळेत पोचवणारा, उभाच राहिला.

त्याने घसा खाकरला. डॉक्टरांशी बोलताना तो जसा गोड व्हायचा तसा आज घरच्यांशी गोड झाला होता, आणि ते ताईला मुळीच आवडलं नाही.

"आपण सगळेच बघतोय," तो म्हणाला. "डॉक्टर आता साचे पाठवत नाहीत. पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवतात आणि फाइल पाठवतात. परवा चौकातल्या डॉक्टरबाईंनीही सांगितलं, इथून पुढे साचा बंद. म्हणजे मेण बंद, प्लास्टरही जवळजवळ बंद. राहिलं काय? स्क्रीनवर दात करायचा आणि मशीनने कोरायचा. स्क्रीनवर बसणारी एकटी सूनबाई. आणि ती आता..."

"आता घरी बसणार," काकूने वाक्य पुरं केलं. "त्यात लाजायचं काय? पुढे बोला."

"पुढे हेच, की शिकलेली दोन माणसं घ्यावी लागतील. आणि जागा..." भाऊने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. "जागा एवढीच आहे."

काकूने एकेकाच्या हातात कप दिला.

"दादा, ताई, तुम्ही दोघांनी खूप केलंत. आता आराम करा. घरात कुणाला काही कमी पडणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

ताईने दादाकडे पाहिलं. तिला काळजी नव्हती. आदल्या दिवशी जिन्यातच त्यांचं ठरलं होतं. भाऊ काहीतरी घाट घालतोय हे दोघांनाही कळलं होतं आणि दादा म्हणाला होता, "तू गप्प बस. बोलायचं ते मी बोलेन."

दादा बोलला. "मला चालेल," तो म्हणाला.

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय चालेल?"

"थांबायला चालेल मला," दादा म्हणाला. तो तिच्याकडे न बघता हातातल्या कपाकडे बघत होता.

"बघ," भाऊ चटकन म्हणाला. "दादाने किती समजून घेतलं."

"दादाने दादाचं सांगितलं. माझं कोण सांगणार?" ताईचा आवाज चढला. "मी म्हातारी झाले असं ठरवलं कुणी?"

"ताई, तुला शिकवायला मुद्दाम माणूस आणला होता की नाही?"

"आणला होता. पण त्याने शिकवलं कुठे? नुसतं दाखवलं. इथे दाबा, तिथे दाबा, हे झालं, ते झालं, कळलं ना आजी? आजी! त्याची आजी कुठून झाले मी! मी माऊस धरला की माझ्या हातातून काढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागला माझा. या हाताने कधी मेणाचा टवका उडवला नाही, आणि तिथे एक टिंब जागेवर बसेना."

"म्हणजे प्रयत्न झाला," भाऊ म्हणाला.

"आणि काय एवढं शिकायचंय त्यात? ते स्क्रीनवरचे दात बघा एकदा. सगळे कवायतीला उभे केल्यासारखे. जीव आहे का एकात तरी?"

आता सूनबाईने मान वर केली. ती सहसा मोठ्यांच्या बोलण्यात पडायची नाही.

"आत्या," ती म्हणाली, "ते दात मशीन करत नाही. मी करते."

"तुला नाही म्हणाले मी."

"मलाच म्हणालात. सहा महिने झाले मी इथे दात करतेय. तुम्ही एकदा तरी माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिलात? एकदा तरी बघितलंत मी काय करते ते?"

सोन्या बायकोकडे पाहून नुसता हसला, पण तेवढ्यानेही तो कुणाच्या बाजूचा आहे हे कळलं. काल संध्याकाळी ताईच्या बाजूला दादा होता, आज सकाळपर्यंत निदान सूनबाई विरुद्ध नव्हती. आता ती एकटी उरली.

भाऊला तिची कीव आली असावी. पण कीव आली की तो नेमकं नको ते बोलायचा. "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. हा वयाचा प्रश्न आहे. एकदा पन्नाशी ओलांडली की डोक्यात नवीन काही शिरत नाही. कुणाच्याच नाही."

काकू एकदम हसली. तिला आवरेचना.

"काय झालं हसायला?" भाऊ म्हणाला.

"काही नाही. तुम्ही कधी ओलांडलीत पन्नाशी, ते आठवत होते."

"माझं वेगळं आहे. मी रोज कॉम्प्युटर वापरतो."

"वापरता? डॉक्टरांची प्रत्येक मेल कागदावर छापून घेता आणि मग वाचता. मला आधी वाटायचं, प्रिंटर बिघडलाय म्हणून सारखा ओरडतो."

"आणि फाइल?" सूनबाईच्या तोंडून निघून गेलं. तिला कुणाला उघडं पाडायचं नव्हतं. तिला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. "काका रोज सकाळी हाक मारतात ना मला. फाइल रुसली म्हणतात. मीच तर उघडून देते."

मग सोन्या आजचं पहिलं वाक्य बोलला. "सहा महिने रोज रुसते?"

दादा इतका हसला की त्याला कंबर धरावी लागली. काकू पदराने डोळे पुसत होती. ताईही हसली असती, पण तिने भाऊचा चेहरा पाहिला. तो लाल झाला होता. हातातला कप त्याने टेबलावर ठेवला, मागचं दार उघडलं आणि बाहेर निघून गेला.

मागच्या दाराबाहेर एक अरुंद बोळ होता. तिथे रिकामी पोती आणि फुटके साचे पडलेले असायचे. भाऊ पायरीवर बसला. आपल्याला एवढा राग कुणाचा आला, हे त्याचं त्यालाच कळेना. हसण्याचा नव्हता. या घरात सगळे सगळ्यांना हसत आले होते.

त्याला मागच्या महिन्यात चौकातल्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात झालेलं आठवलं. काउंटरवरच्या मुलीने तिचा टॅब त्याच्यापुढे सरकवून म्हटलं होतं, "काका, इथे फक्त मंजूर करा." त्याने बोट ठेवलं, पान भलतीकडेच गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. मागे पेशंट ताटकळत होते. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या काका. घरी कुणी तरुण आहे का? त्यांना पाठवा ना पुढच्या वेळी." ती अगदी प्रेमाने म्हणाली होती, आणि तेच जास्त लागलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्याने ठरवलं होतं, कारखान्यात तरुण माणसं आणायची. भरपूर आणायची. म्हणजे आपल्याला कुणी विचारणार नाही.

दार करकरलं. ताई आली आणि शेजारी बसली. पायरी दोघांना पुरेल एवढी नव्हती, लहानपणीही नव्हती.

"सरक," ती म्हणाली.

तो सरकला.

"खरंच सहा महिने?"

"तुला काय करायचंय?"

"मला वाटलं होतं, या घरात माठ मी एकटीच आहे."

भाऊने तिच्याकडे तिरकं पाहिलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"अक्षरं पळतात गं," तो हळूच म्हणाला. "मी एक ओळ वाचेपर्यंत दुसरंच काहीतरी उघडतं. मग वाटतं, आपण काहीतरी बिघडवलं. दोन वेळा मी प्लग काढून ठेवला आणि सांगितलं वीज गेली."

"ते तू होतास?" ताईला आता हसू फुटलं. "अरे, सोन्याने वायरमन बोलावला होता!"

मग दोघंही हसले. हसून झाल्यावर ताई म्हणाली, "भाऊ, मला वर नेऊन बसवलंस तर मी दिवसभर काय करू? खरं सांग. कुणाच्या तोंडाकडे बघू?"

भाऊ पँटवरची धूळ झटकत राहिला.

"मी शिकते. पण सूनबाईसमोर मी एकटी बसणार नाही. आपण दोघं बसू. तुझी रुसलेली फाइल आणि माझा थरथरणारा हात."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू माणसं आण. माझी खुर्ची मी स्वतः झटकून देईन त्यांना. सूनबाई कामावर आहे तोवर मुदत."

भाऊने थोडा वेळ फुटक्या साच्यांकडे पाहिलं. "तू मला हसायचं नाहीस," तो म्हणाला.

"हसणार. पण बाहेर सांगणार नाही."

शिकवायला सूनबाईने लगेच होकार दिला नाही. तिने सोन्याला खोलीत विचारलं, "माझे दात कवायतीला उभे असतात?"

"नाही," सोन्या म्हणाला.

"मग मी का शिकवू?"

सोन्याने बराच विचार केला. "कारण आत्याने विचारलंय," तो म्हणाला. "ती कुणाला कधी काही विचारत नाही."

ते खरं होतं. लग्न होऊन आल्यापासून सूनबाईने ताईला कुणाकडे पाणीसुद्धा मागताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी काम आटोपल्यावर तिने दोन खुर्च्या ओढल्या आणि आपली अट सांगितली. "मी माऊसला हात लावणार नाही. तुम्ही कितीही चुकलात तरी. पण त्याआधी आत्या, तुम्ही आज फक्त बघा."

ताई तिच्या मागे उभी राहिली. सूनबाई एक दाढ करत होती. खालच्या दाढेचे उंचवटे वरच्या दाढेच्या खळग्यात जिथे टेकत होते तिथे स्क्रीनवर लाल ठिपके उमटत होते, आणि ती एकेक ठिपका कमी करत, हलवत, सारखा करत चालली होती. ताई आधी हाताची घडी घालून उभी होती. मग वाकली. मग तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकले.

"हा चाव तुला आधीच दिसतो?" तिने विचारलं.

"दिसतो ना. जबडा मिटवून बघता येतो. सरकवूनही."

"आम्ही अंदाजाने करायचो. मग डॉक्टर घासायचे, आणि तरी पेशंट आठवडाभर म्हणायचा, चावताना टोचतंय." तिने चष्मा नाकावर सरकवला. "एवढं बारीक मला मेणात कधी जमलं नाही, पोरी. मी उगीच बोलले त्या दिवशी."

सूनबाईने स्क्रीनवरून नजर काढली नाही, कारण डोळ्यात पाणी आलं असतं आणि तिला ते दाखवायचं नव्हतं. सहाव्या महिन्यात कशानेही पाणी येतं, असं तिने स्वतःला सांगितलं. "बसा आता," ती म्हणाली.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. ताई हनुवटी वर करून बसायची आणि तासाभरात मान धरून उठायची. सूनबाईला वाटलं, कंटाळा येतोय. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ताईच्या चष्म्याला जवळचं बघायची काच खालच्या बाजूला आहे; स्क्रीन वाचायला तिला मान मागे टाकावी लागते. भाऊचंही तेच. तो मान मागे टाकायचाही नाही, नुसता अंदाजाने दाबायचा. दोघांना चष्म्याच्या दुकानात पाठवलं. हातभर अंतरावरचं स्वच्छ दिसेल असे चष्मे करून दोघं आले, आणि भाऊने खुर्चीत बसताक्षणी ओरडून सांगितलं, "अरे, हे बटण इथे होतं?"

"ते पहिल्यापासून तिथेच आहे, काका."

"मग मला कुणी सांगितलं नाही!"

माऊसचं मात्र जमेना. मेण सुरीला विरोध करतं. त्या विरोधावर ताईचा हात चालायचा. माऊस कशालाच विरोध करत नव्हता. शेवटी सूनबाईने कपाटातून आपली जुनी चित्रं काढायची पाटी आणि तिचं पेन काढलं, कॉम्प्युटरला जोडलं. पेन हातात धरल्यावर ताईचा अंगठा आपोआप सुरीच्या जागी गेला.

"मला नाही पेन?" भाऊने विचारलं.

"तुला फाइल उघडायचीय, चित्र नाही काढायचं."

"नेहमी तुलाच नवीन वस्तू मिळते."

"दादाला विचार कुणाला मिळायच्या ते!"

सूनबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. साठीची आणि पन्नाशीची ही दोन माणसं तिसरीच्या वर्गातल्यासारखी भांडत होती. तिला एकदम कळलं की ती दोघं घाबरलेली नाहीत. भांडायला लागली, म्हणजे भीती गेली.

आणि एका दुपारी ताईच्या हातून अख्खा वरचा जबडाच नाहीसा झाला.

पेन कुठेतरी टेकलं, आणि स्क्रीन कोरी. ताईने पेन खाली ठेवलं. "गेलं," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंचं काम होतं ते. गेलं सगळं."

सूनबाईने हात पाठीमागे धरले. तिला ती अट पाळणं इतकं जड कधी गेलं नव्हतं. "कोपऱ्यात मागे वळलेला बाण आहे, आत्या. तो दाबा."

ताईने दाबला. जबडा परत आला, जसाच्या तसा.

"परत येतं?"

"येतं."

"पुन्हा चुकलं तर?"

"पुन्हा येतं. कितीही वेळा."

ताईने जबडा पुसला आणि परत आणला. पुसला, परत आणला. आयुष्यभर तिने मेणावर काम केलं होतं. तिथे एक टवका जास्त गेला की सगळं वितळवून पहिल्यापासून सुरुवात करायची. इतकी वर्षं ती प्रत्येक वेळी श्वास रोखून कोरत आली होती. "हे मला त्या शिकवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी दोन दिवस श्वास नाही घेतला त्याच्यासमोर."

त्या दिवसापासून तिचा वेग वाढला. सूनबाईएवढा नाही, तिच्या निम्म्यानेही नाही. पण वाढला.

दादाशी मात्र ती बोलत नव्हती. तो रोज सकाळी खाली यायचा, उरलेली दोन-चार प्लास्टरची कामं करायचा आणि तिच्या टेबलापाशी क्षणभर रेंगाळून निघून जायचा. शेवटी एक दिवस तिने त्याला प्लास्टर कालवायची आपली रबरी भांडी खरवडून साफ करताना पाहिलं. ही भांडी तो कधीच साफ करत नसे. उद्या लागायचीच आहेत, म्हणायचा.

ती उठून त्याच्याजवळ गेली. "मला तोंडघशी पाडलंस," ती म्हणाली.

"हो, चिमणे."

तिला चिमणी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "जिन्यात एक बोललास आणि इथे दुसरं."

"जिन्यात खरंच मनात होतं तुझ्यासाठी बोलायचं." दादाने भांडं पालथं घातलं. "पण भाऊने 'थांबा' म्हटलं आणि मला इतकं हलकं वाटलं, की तोंडातून निघून गेलं. मला सकाळी मोजे घालता येत नाहीत. सोन्या घालून देतो. दोन वर्षं झाली."

ताईने त्याच्या पायांकडे पाहिलं. "आणि तू बोलला नाहीस?"

"तू धाकटी असून रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसतेस. मी थोरला. मी कसा उठू? मला वाटायचं, तूसुद्धा दमली असशील, माझ्यासाठी ओढत असशील."

"मी ओढत नव्हते रे. मला आवडतं."

"ते मला त्या रविवारी कळलं, तू भाऊवर ओरडलीस तेव्हा." दादा हसला. "म्हणून सांगतो, मला थांबू दे. आणि तू थांबू नकोस. दोघांनी एकच करायला पाहिजे असं कुणी सांगितलंय?"

ताईने त्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि उरलेली सगळी तिने घासली. दादा स्टुलावर बसून तिला घासताना बघत राहिला आणि मधूनमधून, अजून तिथे राहिलंय, असं सांगत राहिला.

मुदत संपायच्या आधीच मुदत संपली. सूनबाईचा रक्तदाब वाढला. तपासणीला गेली ती डॉक्टरांचा हुकूम घेऊनच परत आली: आजपासून पडून राहायचं, काम नाही, स्क्रीन तर नाहीच. बाळ ठीक होतं. ते तसंच ठीक राहावं म्हणून. सोन्याने तिला वर नेऊन झोपवलं आणि खाली येऊन तो मशीनशेजारी उभा राहिला. भाऊने अजून एकही माणूस घेतला नव्हता.

आणि त्याच सकाळी चौकातल्या डॉक्टरबाईंची फाइल आली. भाऊने ती स्वतः उघडली. त्याने कुणाला हाक मारली नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, त्यालाही नाही.

"बसचा कंडक्टर आहे," त्याने वाचून सांगितलं. "गर्दीत तोल जाऊन दांड्यावर आपटला. वरचा पुढचा दात. पटाशीचा. डॉक्टरबाई म्हणतात, माणूस तोंडावर हात ठेवून तिकिटं मागतोय, लवकर द्या." त्याने ताईकडे पाहिलं. "नाही म्हणून कळवू का? दुसरीकडे जाईल काम. एकदा गेलं की..."

"मी नाही म्हटलं का?"

ताई सूनबाईच्या खुर्चीत बसली. खुर्ची उंच होती. सोन्याने खाली केली. तिने चष्मा बदलला, पेन घेतलं, आणि कंडक्टरचं तोंड स्क्रीनवर उघडलं.

पटाशीचा दात सगळ्यात अवघड. दाढ कुणी बघत नाही. पटाशीचा दात सगळं जग बघतं, आणि शेजारी जोडीदार असतो, त्यामुळे जरा फरक झाला तरी लपत नाही. कॉम्प्युटरने आपणहून एक दात पुढे केला. छान होता, सरळ, कोरा. कंडक्टरचा शेजारचा दात मात्र किंचित बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि त्याची एक कड झिजलेली होती. ताईने कॉम्प्युटरचा दात तसाच ठेवला, कारण सूनबाईने सांगितलं होतं, आधी जबडा मिटवून बघायचं आणि मग नटवायचं. तिने जबडा मिटवला. लाल ठिपक्यांचा सडा पडला.

वर जाऊन विचारावं असं तिला एकदा वाटलं. ती उठलीही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. वर पोरगी डाव्या कुशीवर पडून होती, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून. काही विचारलं तर ती उठून बसणार, हे नक्की होतं. ताई परत फिरली.

दुपारपर्यंत तिने ठिपके घालवले. मग दात किंचित वळवला. मग कड झिजवली. एकदा फार झिजली. मागे वळलेला बाण दाबला. पुन्हा केली. काकू दोनदा चहा ठेवून गेली आणि दोनदा थंड झालेला उचलून नेला. सोन्या मशीनमध्ये दात कोरायची पांढरी वडी बसवून तयार राहिला. शेवटी ताईने पेन ठेवलं आणि म्हणाली, "पाठवू?"

"तुझा दात आहे," सोन्या म्हणाला.

तिने पाठवला. मशीन घरघरलं आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली दात कोरला जायला लागला. ताई काचेला नाक लावून उभी राहिली. आपले दोन्ही हात रिकामे असताना आपला दात तयार होतोय, हे तिला चमत्कारिक वाटत होतं.

भट्टीतून निघून, रंग चढून, चकाकी येऊन दात दुसऱ्या दिवशी डबीत बसला. भाऊ म्हणाला, हा मी स्वतः घेऊन जातो. तो गेला आणि कारखान्यात कुणाचंच कामात लक्ष लागेना. दादा उगीच खाली आला, म्हणाला, वर उकडतंय. काकूने एकच डबी तीन वेळा पुसली. वरून सूनबाईने सोन्याला फोन करून विचारलं, आणि सोन्याने तिला, अजून नाही, एवढंच सांगितलं.

जेवायच्या वेळेला फोन वाजला. ताईने उचलला.

"बसला," भाऊ म्हणाला. मागे दवाखान्याचा गोंगाट ऐकू येत होता. "बसला, ताई! तो माणूस आरशासमोरून हलेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुठला त्याचा आणि कुठला नवा ते मलाच शोधावं लागलं. आणि ऐक, त्या टॅबवर मी एका फटक्यात मंजूर केलं. त्या मुलीने बघितलं."

"घासावं लागलं का?"

"अगं, तो हसतोय इथे..."

"भाऊ, घासावं लागलं का?"

भाऊ घुटमळला. "दोनदा. मागच्या बाजूला. जरासं."

"सूनबाईच्या दाताला किती लागतं?"

"तिच्या दाताला नाही लागत." तो घाईने म्हणाला, "पण ताई, हा तुझा पहिला. आणि मी ठरवलंय, माणूस एकच घ्यायचा, दादाच्या जागी. तुझी खुर्ची..."

"बरं, बरं. ये तू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"बसला," तिने सगळ्यांना सांगितलं. काकूने टाळी वाजवली. दादाने मांडीवर थाप मारली. सोन्या आवाज न करता जिना चढून वर पळाला.

भाऊ परत आला तेव्हा मंडळी जेवायला वर गेली होती आणि ताई एकटीच स्क्रीनसमोर होती. कंडक्टरचा दात तिने उलटा करून मागच्या बाजूने मोठा केला होता.

"अगं, पोचला तो दात," भाऊ म्हणाला. "संपलं ते काम. जेवायला चल."

"थांब." तिने पेनाचं टोक एका जागी टेकवलं. जबडा मिटला, उघडला, किंचित डावीकडे सरकला. एक लहानसा लाल ठिपका उमटला आणि विझला. "हे बघ. चावताना नाही लागत. तोंड एका बाजूला फिरलं की लागतं. मी नुसताच मिटवून बघितला होता, फिरवून नव्हता बघितला."

भाऊने शेजारची खुर्ची ओढली आणि चष्मा बदलला. "कुठे? मला दिसलं नाही. पुन्हा फिरव बघू."